परकीय प्रवाशांची किळस व इतिहासाचा पुरावा

परकीय प्रवाशांनीं लिहून ठेविलेलीं वृत्तें हें आपल्या इतिहासाचें एक मोलाचें साधन आहे, याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. गडकोट, बाजारपेठा, दरबारचे रीतिरिवाज, जिनसांचे भाव यांसाठीं आपले अभ्यासक हीं वृत्तें आस्थेनें चाळतात. परंतु येथील दारिद्र्य, घाण व दुर्गंधि पाहून प्रवाशास आलेली किळस ज्या पानांवर नमूद असते, तीं पानें बहुधा दोनच रीतींनीं वापरलीं जातात. एक पक्ष तीं द्वेषमूलक म्हणून टाकून देतो. दुसरा पक्ष तीं जशींच्या तशीं उचलून तत्कालीन समाजस्थितीचा निर्विवाद दाखला म्हणून उतरून घेतो. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सदोष आहेत. या लेखांत त्यांचें परीक्षण करून अशा मजकुराचा उपयोग कसा करावा हें सुचविण्याचें योजिलें आहे.

प्रथम पहिला पक्ष घेऊं. इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ सालीं हिंदुस्थानांत आला. त्याचा ग्रंथ १६९८ सालीं छापला गेला. हेन्री ऑक्झेंडनची रायगडची वकिलात व शिवराज्याभिषेक यांचा वृत्तांत त्यांत असल्यामुळें मराठ्यांच्या इतिहासावरील लिखाणांत त्याचें नांव वारंवार येतें. तोच फ्रायर कारवारच्या बाजूस फिरतांना कुळंबी रयतेस अंमलदार कसे पिळतात हें कडक शब्दांत सांगूं लागला, कीं एकाएकीं तो अविश्वसनीय ठरतो. एकच साक्षीदार राज्याभिषेकापुरता खरा व रयतेपुरता खोटा, ही व्यवस्था कोणत्या प्रमाणशास्त्रांत बसते? त्याची साक्ष खोडावयाची असेल तर कागदांनींच खोडली पाहिजे. चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत महाराजांनीं लष्करानें रयतेस तोशीस देऊं नये अशी सक्त ताकीद केली आहे. हें पत्र फ्रायरच्या मजकुरासमोर ठेवावें म्हणजे दोन गोष्टी दिसतात: राज्यकर्त्याचें धोरण रयतेच्या कैवाराचें होतें, आणि ताकीद देण्याजोगी तोशीस लागण्याचा संभवहि होता. दोन्ही कागद मिळूनच इतिहास होतो.

आतां दुसरा पक्ष. याच फ्रायरनें मुंबई बेटाच्या रोगट हवेचें वर्णन केलें असून, नारळीच्या मुळाशीं खत म्हणून घालण्यांत येणाऱ्या मासळीच्या दुर्गंधीस त्या रोगराईचें एक कारण मानलें आहे. यांत दोन अंश आहेत. माडांच्या आळ्यांत मासळी पुरीत असत व तिला घाण येत असे, हें त्यानें स्वतः अनुभविलें. तें प्रत्यक्ष होय. त्या घाणीमुळें माणसें मरत, हें अनुमान. आणि दुर्गंधि हेंच रोगाचें बीज, ही त्या काळच्या युरोपीय वैद्यकाची समजूत त्या अनुमानाचा हेतु. हिंवतापाचा प्रसार डांसांकडून होतो हें रोनाल्ड रॉसच्या १८९७ सालच्या शोधानंतर सिद्ध झालें व तो हेतु कोसळला. परंतु अनुमान कोसळलें म्हणून प्रत्यक्ष कोसळत नाहीं. कोंकणच्या बागाइतीच्या इतिहासास मासळीच्या खताचा तो उल्लेख आजहि उपयोगी आहे. हा विवेक न करतां सबंध उतारा प्रमाण मानणारा व सबंध उतारा फेंकून देणारा हे दोघेहि सारखेच चुकतात.

या ठिकाणीं मीमांसकांच्या नहिनिंदान्यायाची आठवण होते. शबरभाष्यांतून आलेल्या या न्यायाचा भावार्थ असा कीं, निंदेचा उद्देश निंद्य वस्तूला हीन ठरविणें हा नसून, तिच्याहून दुसऱ्या कशाची तरी प्रशस्ति करणें हा असतो. वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयासाठीं योजिलेला हा न्याय प्रवासवृत्तांसहि चांगला लागू पडतो. कलकत्त्याच्या गल्लीस वा काशीच्या घाटास नाक मुरडणारा प्रवासी पुष्कळदां त्या गल्लीविषयीं बोलतच नसतो. तो आपल्या गांवच्या स्वच्छ रस्त्याचें, आपल्या धर्माचें किंवा आपल्या राज्ययंत्राचें स्तोत्र गात असतो. म्हणून अशा उताऱ्यांत निंदा कोणाची आहे एवढें पाहून भागत नाहीं; स्तुति कोणाची अभिप्रेत आहे हें हुडकून काढलें पाहिजे. तें हुडकलें कीं उरलेला मजकूर पाठशुद्ध प्रतीसारखा वाचतां येतो.

प्रत्येक प्रवासी याच साच्यांतला असतो असें मात्र नाहीं. डच कंपनीचा आग्र्याचा मुख्य व्यापारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट यानें १६२६ च्या सुमारास लिहिलेला अहवाल पाहावा. मोरलंड व गेल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर १९२५ सालीं प्रसिद्ध केलें. मजुरांच्या गवतानें शाकारलेल्या मातीच्या झोंपड्या, घरांत मोजकीं मडकीं, खाण्यास खिचडी, एवढें सांगून तो थांबत नाहीं. अल्प मजुरी व अंमलदारांची जबरदस्ती अशीं त्या दैन्याचीं दोन कारणें तो देतो. सरदाराच्या माणसांनीं कारागिरास कामावर ओढून न्यावें व त्याच्या हातावर नांवाचें वेतन टेकवावें, हा क्रमहि तो सांगतो. दारिद्र्यास तो लोकांचा स्वभाव म्हणत नाहीं. निळीच्या व्यापारांत मुरलेल्या या माणसास मजुरी व जुलूम यांचा हिशेब ठाऊक असणें भागच होतें. जो प्रवासी कारण विचारतो त्याच्या साक्षीचें मोल अधिक, हा पहिला नियम आम्ही यावरून काढतों.

दुसरा नियम असा कीं, किळसवाण्या मजकुरास देशी साधनांची जोड मिळते कीं काय हें पाहावें. इंग्रज कंपनीचा नोकर पीटर मंडी १६३० च्या नोव्हेंबरांत सुरतेहून आग्र्यास निघाला तो भीषण दुष्काळांतून. नंदुरबारच्या वाटेवर पडलेलीं प्रेतें, तंबू ठोकण्यास न मिळणारी जागा, जनावरांच्या शेणांतून दाणे वेंचणारीं माणसें, हें त्याच्या रोजनिशींत वाचतांना अंगावर शहारा येतो. अतिशयोक्तीचा संशय कोणासहि यावा. परंतु याच दुष्काळाचें वर्णन शाहजहानाच्या दरबारी पादशहानाम्यांत आहे. आणि शके १५५१-५२ च्या या काळानेंच देहूच्या एका सुखवस्तु वाण्याचें द्रव्य व मान हिरावून घेतला, त्याच्या घरांतील स्त्री अन्नान्न करीत गेली, हें श्रीतुकाराममहाराजांनीं स्वतःच अभंगांत सांगितलें आहे. परकी नोकर, दरबारी लेखक व मराठी संत हे परस्परांस न ओळखणारे तीन साक्षीदार येथें एकच गोष्ट सांगतात. मग मंडीच्या किळशीस द्वेष म्हणून कसें चालेल?

तिसरा नियम प्रवाशाच्या जिज्ञासेविषयीं आहे. अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन १८९६ च्या आरंभीं मुंबईस उतरला व पुढें काशीस गेला. गंगेच्या पाण्याची घाण पाहून त्यास शिसारी आली व तिची त्यानें टवाळीहि केली. पण त्याच पुस्तकांत त्यानें आग्र्याचे सरकारी रसायनपरीक्षक हँकिन यांचे प्रयोगहि नोंदविले. गंगेच्या पाण्यांत पटकीचे जंतु लौकर मरतात असें हँकिन यांस आढळलें होतें. जंतुभक्षक विषाणूंचा शोध १९१७ सालीं द-हेरेल यानें लावल्यावर या प्रयोगांकडे पुन्हा लक्ष गेलें. येथें आपल्या लोकांची एक खोडहि सांगितली पाहिजे. हँकिनचें नांव घेऊन गंगेस आज कांहींच अपाय नाहीं असें म्हणणारे लोक भेटतात. शहरांचें मैलापाणी व कारखान्यांचें सांडपाणी नदींत जातें म्हणूनच १९८६ सालीं गंगाशुद्धीची सरकारी योजना सुरू करावी लागली. शिसारी आली असतांहि ट्वेननें प्रतिकूल पुरावा दडविला नाहीं. आपणहि अनुकूल पुराव्याच्या आड लपूं नये.

हाच विवेक महात्मा गांधींनीं दाखविला होता. कॅथरिन मेयोबाईंचें पुस्तक १९२७ सालीं निघालें तेव्हां देशभर संतापाची लाट उसळली. गांधींनीं त्या पुस्तकास गटारतपासनिसाचा अहवाल म्हटलें, हें सर्वांस पाठ आहे. परंतु त्याच लेखांत, आरोपांची मांडणी नाकारली तरी त्यांच्या मुळाशीं असलेलें तथ्य आपण नाकारूं नये, असेंहि त्यांनीं बजावलें होतें, तें मात्र फारसें कोणी उद्धृत करीत नाहीं. १९६४ सालीं नायपॉल यांचें हिंदुस्थानविषयक पुस्तक प्रसिद्ध झालें, तेव्हां मुंबईचे कवि निस्सीम इझीकेल यांनींहि असाच सावध मार्ग धरला. टीकेचा अधिकार त्यांनीं मान्य केला. ज्यांच्यावर टीका करावयाची त्या माणसांविषयीं आस्था नसणें, यास त्यांचा आक्षेप होता.

ही दृष्टि पूर्वेकडे पाहतांनाच दूषित होते असेंहि समजूं नये. डिकन्सनें १८४२ सालच्या आपल्या अमेरिकेच्या वृत्तांत न्यूयॉर्कची फाइव्ह पॉइंट्स ही गरीब वस्ती पोलिसांच्या सोबतीनें पाहिल्याचें लिहिलें आहे. १८८० नंतरच्या दशकांत लंडनच्या पूर्वभागांतील दरिद्री वस्त्या पाहण्यास जाणें ही तेथील श्रीमंतांची एक हौसच झाली होती. आणि बेहरामजी मलबारी १८९३ सालच्या पुस्तकांत लंडनचें दारिद्र्य पाहून आपल्याकडील दारिद्र्याहूनहि तें भयाण वाटल्याचें सांगतात, तेव्हां प्रेक्षक व प्रेक्ष्य यांची अदलाबदल होते. ज्याच्या पोटांत अन्न आहे तो उपाशी माणसाकडे कसा पाहतो, हा मूळ प्रश्न आहे. देशभेद हा त्यावरील लेप होय.

आजचें उदाहरण मुंबईच्या धारावीचें. २००६ सालच्या सुमारापासून तेथें परदेशी पाहुण्यांच्या सशुल्क सहली निघूं लागल्या. वस्तींतील लोकांचा मान राहावा म्हणून त्यांपैकीं कांहींत छायाचित्रें घेण्यास मनाई आहे. पाहुणे परत जाऊन जें लिहितात त्यांत पुन्हा तेच दोन सूर दिसतात: कांहींस निव्वळ घाण दिसते, तर कांहीं जण गरिबांच्या उद्योगप्रियतेनें इतके भारावतात कीं उघडें गटार त्यांच्या लेखणींतून नाहींसें होतें. वस्तुस्थिति अशी कीं, तेथील कामगार ज्या प्लॅस्टिकच्या ढिगांत बसलेले असतात तो सबंध शहरानें टाकलेला कचरा असतो. जो शहराची घाण निवडतो त्यालाच घाणेरडा ठरविण्यांत येतें. पुढील शतकांतील संशोधक हीं वृत्तें साधनें म्हणून वाचील, तेव्हां त्यासहि वरील नियमांची गरज लागेल.

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. परकीयाची किळस हाच गरिबांचा एकमेव साक्षीदार कां उरतो? कारण गरिबानें दफ्तर ठेविलें नाहीं, आणि ज्यांनीं ठेविलें त्यांच्या दफ्तरांतून त्याचे कागद आपणच गाळले. सनदा, महजर, शिक्क्यांचीं पत्रें आपण जपून बांधतों. दुष्काळी सुटीच्या याद्या, वेठीचे हिशेब, तगाईच्या अर्जांचे तुकडे, १८९६-९७ च्या प्लेगांतील घरें रिकामीं करण्याच्या नोटिसा रद्दींत जातात. हे कागद जपले गेले तर मंडी व पेल्सार्ट यांस घरचे साक्षीदार मिळतील, आणि जेथें ते खोटे असतील तेथें त्यांस खोडतांहि येईल. कागद हातचा घालवून परकीयावर रागावणें यांत संशोधनाचा लाभ नाहीं. पुढील रुमाल सोडतांना संग्राहकांनीं वाळवी लागलेला शेवटचा गठ्ठा आधीं पाहावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.