साचा कुठे गेला?

मामा वरेरकरांच्या एका कादंबरीचं नाव आहे 'धावता धोटा'. १९३०च्या दशकातली, मुंबईच्या गिरणी कामगारांवरची. माग कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी, होडीच्या आकाराची छोटी लाकडी वस्तू म्हणजे धोटा. तो किती वेळा फेरी मारतो यावर कापड किती निघणार ते ठरायचं आणि विणणाऱ्याच्या हातात काय पडणार तेही. यंत्राच्या एका सुट्या भागाचं नाव मिरवणारी अशी पुस्तकं मराठीत हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

पुढे गिरणगावावर मराठीत भरपूर आणि उत्तम लिहिलं गेलं. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, जयंत पवार ही तर सगळ्यांना माहीत असलेली नावं. या लेखनात भोंगा आहे, चाळ आहे, खानावळ आहे, लाल बावटा आहे. साचा मात्र हळूहळू दिसेनासा होतो. (गिरणीत मागाला साचा म्हणत.) असला तरी तो मागे खडखडत असतो, नाहीतर माणसाला गिळणारा राक्षस म्हणून येतो. तो कसा चालतो, कोणी विकत घेतला, कुठे हलवला, हे प्रश्न कथेच्या बाहेर राहतात. आणि ते बाहेर राहिल्यामुळे गिरण्या कशा संपल्या याची जी गोष्ट आपण एकमेकांना सांगतो, ती अर्धीच आहे असं माझं म्हणणं आहे.

ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, संप चिघळला, मालकांना जमिनीचा मोह पडला, पोरं टोळ्यांत गेली, मॉल उभे राहिले. पवारांचं 'अधांतर' १९९७मध्ये रंगमंचावर आलं ते या गोष्टीच्या शेवटच्या भागावर. धुरी कुटुंबाची एक खोली. एका मुलाला लेखक व्हायचंय, एक क्रिकेटमध्ये दिवस घालवतो, एक टोळीत शिरलाय, आणि आई सगळ्यांना धरून ठेवायला बघते. मोठं नाटक आहे. काम गेल्यावर घरातल्या माणसांच्या बोलण्यात जी एक चीड मुरते, ती इतक्या अचूकपणे दुसऱ्या कोणी पकडल्याचं मला आठवत नाही. त्यावर आधारित महेश मांजरेकरांच्या 'लालबाग परळ'मध्ये (२०१०) मात्र कॅमेरा पिस्तुलाच्या प्रेमात पडला आणि घर मागे पडलं.

पण 'अधांतर'च्या त्या खोलीतूनही एक गोष्ट दिसत नाही. गिरणी बंद पडली म्हणून लोकांनी कपडे घालणं थांबवलेलं नाही. मग कापड विणतंय कोण?

उत्तरासाठी थोडं यंत्रात शिरावं लागेल. जुन्या गिरणीत एक प्रचंड वाफेचं इंजिन असायचं. त्याने छताखालून जाणारा लांबच लांब दांडा फिरायचा आणि त्या दांड्यावरून उतरलेल्या पट्ट्यांनी शेकडो साचे चालायचे. म्हणजे साचे एका छपराखाली असणं ही मालकाची आवड नव्हती, वाफेची अट होती. शेकडो साचे एकत्र म्हणून शेकडो माणसं एकत्र, म्हणून भोंगा, म्हणून शेजारची चाळ, म्हणून युनियन. मग वीज आली. १९०५च्या सुमारास विजेच्या दिव्यांमुळे मुंबईत पाळी लांबली आणि कामगार त्याविरुद्ध उठले, हा तिचा पहिला परिचय. १९१५पासून टाटांची खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली. खरा बदल मात्र पुढचा. प्रत्येक साच्याला स्वतःची छोटी मोटर बसू लागली तेव्हा तो दांड्यापासून सुटला. आता त्याला गिरणीची गरज नव्हती. पत्र्याची शेड आणि विजेचं कनेक्शन पुरे.

(आमच्या धंद्यात याला मोनोलिथ फोडून मायक्रोसर्व्हिस करणं म्हणतात. कौतुकाने म्हणतात.)

सुटला म्हणून साचा आपोआप भिवंडीला चालत गेला नाही. १९५६च्या सुमारास केंद्र सरकारने हातमाग वाचवण्यासाठी गिरण्यांच्या विणाईवर मर्यादा घातली. नवे साचे बसवणं अवघड झालं. त्याचा फायदा हातमागापेक्षा यंत्रमागाने जास्त उचलला. त्याच्यावर कराचा भार कमी होता. वीज वापरणाऱ्या जागेत दहापेक्षा कमी कामगार असले की तेव्हा फॅक्टरी कायदा लागत नसे, म्हणून एकच शेड कागदावर भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावाने वाटली जाई. इचलकरंजीत १९०४पासून यंत्रमाग होते. भिवंडी आणि मालेगाव झपाट्याने वाढले. आणि तिथे बसलेले बरेचसे साचे कुठले, तर गिरण्यांनी मोडीत काढलेले. संप सुरू होण्याआधीच यंत्रमागांचं कापड गिरण्यांच्या बरोबरीला आलं होतं. संपाच्या काळात तर गिरणीमालकच भिवंडीतून कापड विणून घेऊन स्वतःचा शिक्का मारून विकत होते.

म्हणजे मुंबईच्या विणकराला नव्या यंत्राने हरवलं नाही. हरवलं ते त्याच्याच जुन्या साच्याने, चाळीसेक किलोमीटरवर, बारा तासांच्या पाळीत, पगाराऐवजी मीटरवर किंवा पिकावर मोजल्या जाणाऱ्या मजुरीत. तंत्रज्ञान पुढे गेलं की माणूस मागे पडतो, या आपल्या लाडक्या समजुतीत ही गोष्ट बसत नाही. इथे तंत्रज्ञान पुढे गेलंच नव्हतं. एक छोटी मोटर, एक कायदा आणि एक कर यांनी मिळून जुन्याच तंत्रज्ञानाचा पत्ता बदलला.

मराठी साहित्याला हे का दिसलं नाही? माझ्या मते कारण साधं आहे. साचा गेला तिथे साहित्य गेलं नाही. भिवंडीत तो चालवणारे उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी होते, तेलंगणातले पद्मशाली होते. त्यांची भाषा वेगळी, मोहल्ला वेगळा. गिरणगावची गोष्ट कोकण-घाटावरच्या माणसाची गोष्ट म्हणून लिहिली गेली आणि तो जिथे बेकार झाला तिथेच थांबली. पण इचलकरंजी तर मराठी मुलूखच. तिथला खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा, अर्धा मालक आणि अर्धा मजूर. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, वीजबिल मात्र याचं. असं पात्र कादंबरीला आयतं मिळालेलं असताना ते नायक होऊन मनात घर करून राहिलंय असं मला एकही पुस्तक आठवत नाही.

गंमत म्हणजे कामगारांना स्वतःला साचा नीट दिसत होता. १९२८चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप बऱ्याच अंशी याच प्रश्नावर होता: विणकराने दोन साचे सांभाळायचे की तीन? सूत काढणाऱ्याने एक बाजू की दोन्ही? गिरणी कामगार युनियनचं वाढलेलं बळ या हिशेबातून आलं. त्यांनी यंत्र फोडलं नाही. वाढलेल्या कामाचा पैसा कोणाला, एवढंच विचारलं. पुढच्या कवितांत आणि नाटकांत आवेश कायम राहिला, हा आकडा गळून पडला.

पैसा कोणाला, याचं एक उत्तर जपानमध्येही आहे. साकिची टोयोदांनी १९२४मध्ये चालता चालता धोटा बदलणारा आणि धागा तुटला की स्वतः थांबणारा माग तयार केला. १९२९मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना एक लाख पौंडांना विकायचा करार झाला. त्यांच्या मुलाने त्यानंतर मोटारीवर काम सुरू केलं आणि आजची टोयोटा त्यातून उभी राहिली. आपल्या गिरण्या याच लँकेशायरकडून साचे विकत घेत राहिल्या. इथल्या नफ्यातून पुढचं यंत्र क्वचितच जन्मलं. शेवटी सगळ्यात किमती वस्तू ठरली ती साच्याखालची जमीन. १९९१च्या आणि मग २००१च्या विकास नियमावलीने ती मोकळी करून दिली. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत आता माझ्यासारखी माणसं कोड लिहितात.

आणि तिथे हल्ली रोज एक वाक्य ऐकू येतं: "एआय आलं, आता नोकऱ्या जाणार." मराठीत यंत्र नेहमी 'येतं'. पाऊस येतो, साथ येते, तसं. वाक्याला कर्ता असतो तो यंत्रच. ते आणणारा, त्याचं बिल भरणारा, त्याने वाचलेले तास मोजणारा कोणी नसतो. समीक्षकाने प्रतिमा तपासाव्यात असं म्हणतात. मला हे क्रियापद तपासावंसं वाटतं. कारण ऑफिसात प्रत्यक्षात दिसतं ते वेगळं असतं. अमुक टूलची लायसन्सं घेतली जातात, टीम नऊची सहा होते, तिघांचं काम दुसऱ्या शहरातल्या कंत्राटी लोकांकडे जातं, आणि त्या कंत्राटाचं नाव 'ऑटोमेशन' असतं. हा तर जुनाच साचा, नव्या पत्त्यावर.

दरम्यान भिवंडीतले धोट्याचे माग भंगारात निघतायत. धोट्याशिवाय चालणारे रॅपियर आणि एअरजेट माग आले आहेत, ते घेणं ज्यांना परवडतं ते घेतात. आजूबाजूच्या गावांत प्रचंड गोदामं उभी आहेत. तुम्ही फोनवरून मागवलेला शर्ट बहुधा तिथूनच निघतो. गोदामातल्या मुलाच्या हातात एक स्कॅनर असतो. वरेरकरांच्या धोट्यासारखाच तोही फेऱ्या मोजतो. या मुलावर कोणीतरी मराठीत कादंबरी लिहावी, आणि पहिल्या वीस पानांत तो स्कॅनर कोणी विकत घेतला, तासाला किती वस्तूंचं लक्ष्य त्यात कोणी भरलं आणि ते शेवटचं कधी वाढवलं, हे मला वाचायला मिळावं.