घरात पुस्तके नव्हती?

मुस्लिम मराठी आत्मकथनांवर लिहिताना समीक्षक एक वाक्य हमखास वापरतात : लेखकाच्या घरात पुस्तक नव्हते. आम्हाला हे अर्धवट वाटते. कोनाड्यात जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ असे. अनेक घरांत नवरीला लग्नात दिलेले मौलाना अशरफ अली थानवींचे 'बहिश्ती जेवर' असे, मिलादच्या उर्दू पुस्तिका असत. नसे ते मराठी पुस्तक. मराठी आली ती दप्तरातून, बालभारतीच्या धड्यांतून. वर्ष संपले की तेही धाकट्या भावंडाकडे किंवा रद्दीत जाई.

हे लिखाणात उतरले आहे. आमचे बरेच लेखक शाळेचे, एस.टी. स्टँडचे वर्णन सहज करतात. पण अम्मी बोलू लागली की वाक्य ताठ होते. उभ्या जन्मात दखनी बोललेली बाई एकदम धड्यातली मराठी बोलते! हमीद दलवाईंच्या 'इंधन'ने कोकणातले मुस्लिम घर १९६५ मध्येच मराठी कादंबरीत आणले. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरले. तरी अम्मीच्या तोंडची भाषा कशी लिहावी, हा पेच बहुतेकांचा सुटलेला नाही.

आणि खुद्द अम्मी? फजरनंतर ती नाजरा कुरआन वाचायची. अर्थ कळत नसला तरी एकेक हर्फ जपून. याच बाईला लेकाच्या आत्मकथनात 'अडाणी, निरक्षर' म्हटलेले आम्ही वाचले आहे. समीक्षकांनीही तो शब्द तसाच उचलला. आम्हाला तो मान्य नाही.