द्विजिह्वाची भाषा : मेलो मॅन एस आणि द्विभाषिक रॅप

लोकप्रिय संगीताच्या इतिहासलेखनात ‘आद्य’ हे विशेषण जितक्या सढळपणे वापरले जाते, तितकेच ते समीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. मेलो मॅन एस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उल्पियानो सर्जिओ रेयेस याच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. इंग्रजी व स्पॅनिश या दोन भाषांत रॅप करून अमेरिकेच्या मुख्य बाजारपेठेत यश मिळवणारा तो पहिला, एवढे सांगून त्याच्याविषयीचे बहुतेक लेखन थांबते. त्यातले ‘पहिला’सुद्धा निर्विवाद नाही. न्यूयॉर्कच्या मीन मशीन या गटाने १९८१ मध्येच स्पॅनिश ओळी असलेली रॅपची तबकडी काढली होती. शिवाय रॅपच्या जडणघडणीत प्वेर्तो रिकोच्या तरुणांचा वाटा आरंभापासूनच होता, हे ह्वान फ्लोरेस आणि राकेल रिवेरा यांच्या अभ्यासांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. तेव्हा प्राथम्याचा वाद बाजूला ठेवून, त्याच्या रचनेत दोन भाषा एकमेकींशी नेमके काय करतात हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल.

रेयेसचा जन्म १९६७ चा, क्यूबातील पिनार देल रिओचा. कुटुंबाबरोबर तो बालवयातच अमेरिकेत आला आणि लॉस एंजेलिसलगतच्या साउथ गेट या वस्तीत वाढला. त्याचा भाऊ सेन डॉग आणि बी-रिअल यांच्यासह त्याने डीव्हीएक्स नावाचा गट केला होता. एस स्वतंत्रपणे गाण्यासाठी बाहेर पडला आणि उरलेला गट पुढे सायप्रस हिल म्हणून गाजला. एसचा पहिला संग्रह ‘एस्केप फ्रॉम हवाना’ १९८९ मध्ये आला. हे शीर्षकच संशयाने वाचले पाहिजे. ज्याचा जन्म हवानात झाला नाही आणि ज्याने देश सोडला तो आईवडिलांचे बोट धरून, त्याने ‘हवानाहून पलायन’ अशी पाटी लावावी, यात आत्मचरित्रापेक्षा चिन्हव्यवहार अधिक आहे. अमेरिकन श्रोत्याला क्यूबा म्हणजे हवाना आणि क्यूबन म्हणजे पळून आलेला एवढेच ठाऊक असते. कवीने ते ठाऊक असणेच आपल्या नावावर करून घेतले.

या संग्रहातील ‘मेंतिरोसा’ ही रचना १९९० मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. ‘मेंतिरोसा’ म्हणजे खोटारडी. प्रियकर प्रेयसीला तिच्या बाहेरख्यालीचा जाब विचारतो, एवढाच तिचा आशय. आशय म्हणून तो अगदी बेताचा आहे, हे मान्य करायला हरकत नाही. लक्षणीय आहे ती वाक्यरचना. पहिल्याच ओळीचा आरंभ रस्त्यावरच्या इंग्रजी हाकेने होतो आणि मोठी पंचाईत झाल्याचे विधान मात्र स्पॅनिशमध्ये पूर्ण होते. पुढची ओळही अशीच मध्यावर भाषा बदलते. यमक ‘पंचाईत’ आणि ‘काका’ या अर्थांच्या स्पॅनिश शब्दांवर जुळते. म्हणजे वाक्याचा रेटा इंग्रजीचा, पण ज्या जागी कान विसावतो ती जागा स्पॅनिशची. यमकस्थान हे पद्यातील सर्वाधिक भार वाहणारे स्थान असते, हे आपल्या छंदोविचाराला नवीन नाही. अल्पसंख्याकांची म्हणून हिणवली गेलेली भाषा त्या स्थानावर बसवली जाणे ही केवळ सजावट नव्हे.

ही रचना ज्या पायावर उभी आहे तो सांताना या वाद्यवृंदाचा. ‘ईव्हिल वेज’ आणि ‘नो वन टू डिपेंड ऑन’ या त्यांच्या दोन गाण्यांतील तुकडे येथे वापरले आहेत. यांपैकी दुसरे, १९७१ च्या संग्रहातील गाणे स्वतःच द्विभाषिक आहे; परंतु तेथे स्पॅनिश शब्द इंग्रजीत सांगितलेलेच पुन्हा सांगतात. इंग्रजी श्रोत्याचे त्यात काही हुकत नाही. स्पॅनिश ही त्याच्यासाठी एक रंगच्छटा ठरते. एसच्या रचनेत मात्र पुनरुक्ती नाही. अर्धे वाक्य एका भाषेत, उरलेले दुसऱ्या भाषेत. ज्याला एकच भाषा येते त्याच्या हाती अर्धे वाक्य उरते. अनुवादाकडून पूरकतेकडे झालेला हा प्रवास अठरा वर्षांत, त्याच वाद्यमेळावर घडला आहे. नमुना म्हणून उचललेला ध्वनी आणि त्यावर रचलेले शब्द यांतील हा ताण समीक्षकांच्या नजरेतून बहुधा निसटतो, कारण शब्द आणि नाद यांचा विचार वेगवेगळ्या खात्यांत करण्याची सवय लागलेली आहे.

ध्रुवपदात हे तत्त्व टोकाला जाते. आज सांगितलेली गोष्ट उद्या टिकत नाही, हा प्रेयसीवरचा मुख्य आरोप. त्या वाक्यातील ‘आज’ इंग्रजीत आहे आणि ‘उद्या’ स्पॅनिशमध्ये. दिवस बदलतो तशी भाषा बदलते. जिच्या बोलण्यात मेळ नाही अशी तक्रार केली जाते, तिच्याविरुद्धची फिर्याद फिर्यादी स्वतः दोन भाषांत नोंदवतो! हा उपरोध जाणीवपूर्वक योजलेला आहे की भाषेने स्वतःहून साधला आहे, हे ठरवण्याची गरज नाही. संहितेत तो आहे. मात्र त्याची किंमत कोण मोजते हेही पाहिले पाहिजे. गाण्यातील स्त्रीला आपली बाजू मांडण्याची संधी नाही. दोन भाषांचे वैभव पुरुषाच्या वाट्याला आले आहे आणि दुटप्पीपणाचा कलंक स्त्रीच्या. द्विभाषिकतेची मुक्तिदायी बाजू उत्साहाने मांडणाऱ्यांनी या वाटणीकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले आहे.

या भाषामिश्रणाकडे ‘धड एकही भाषा न येणे’ म्हणून पाहण्याची प्रवृत्ती जुनी आहे. शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन भाषकांच्या अभ्यासाने तिला उत्तर दिले होते. वाक्याच्या पोटात भाषा बदलण्याचे कसब प्रामुख्याने दोन्ही भाषांवर उत्तम प्रभुत्व असणाऱ्यांत आढळते आणि हा बदल सहसा दोन्ही व्याकरणांना न दुखावता होतो, असे त्यांना दिसले. एसची वाक्ये ज्या सांध्यांवर वळतात ते सांधे असेच निर्वेध आहेत. परंतु भाषावैज्ञानिक निर्दोषत्व सिद्ध झाले म्हणून राजकीय निर्दोषत्व मिळत नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव ६३ संमत करून इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा ठरवले होते. पुढे १९९८ च्या प्रस्ताव २२७ ने शाळांतील द्विभाषिक शिक्षणाला जवळजवळ पूर्णविराम दिला. त्यातील बराचसा भाग २०१६ मध्ये रद्द झाला. ‘मेंतिरोसा’ या दोन मतदानांच्या मधल्या काळात रेडिओवर वाजत होती. गाण्यात या वादाचा शब्दानेही उल्लेख नाही, आणि असता तर ते कदाचित इतके वाजलेही नसते.

याच काळात लॉस एंजेलिसच्याच किड फ्रॉस्टची ‘ला रासा’ (१९९०) आली. तुलनेसाठी ती फार उपयोगी आहे. फ्रॉस्टची दुसरी भाषा म्हणजे प्रमाण स्पॅनिश नव्हे. ती चिकानो वस्त्यांतील ‘कालो’ ही बोली आहे. ज्याला ती कळत नाही त्याला तो गाण्यातच डिवचतो. त्याचा पायाही बोलका आहे. जेराल्ड विल्सन या कृष्णवर्णीय जॅझकाराने एका मेक्सिकन बैलझुंजाऱ्यावर ‘व्हिवा तिरादो’ रचले, एल चिकानो या गटाने १९७० मध्ये ते आपलेसे केले आणि फ्रॉस्टने त्याचा नाद उचलला. फ्रॉस्टपाशी उभे राहायला एक ‘आपण’ आहे. एसपाशी तो नाही. मेक्सिकन वंशाच्या लॉस एंजेलिसमध्ये तो क्यूबन आहे, आणि गोऱ्यांच्या अमेरिकेत आधी काळा आहे. १९९१ च्या लॅटिन अलायन्स या प्रकल्पात फ्रॉस्ट आणि एस एकत्र आले. पण ‘लॅटिन’ या छत्राखाली हे अंतर मिटले नाही, फक्त झाकले गेले. काळ्या देहातून उमटणारी स्पॅनिश हीच एसच्या ध्वनीतील खरी अनपेक्षित गोष्ट होती, आणि विक्रेत्यांच्या वर्गवारीत तिला कप्पा नव्हता.

१९९२ च्या दुसऱ्या संग्रहाचे नाव ‘द ब्रदर विथ टू टंग्ज’. संस्कृतात द्विजिह्व म्हणजे साप, आणि चुगलखोरही. इंग्रजीतही दुभंगलेली जीभ कपटाची खूण आहे. ‘मेंतिरोसा’त दुसऱ्यावर ठेवलेला ठपका येथे कवी स्वतःच्या अंगावर बिरुदासारखा मिरवतो. याच संग्रहात तो स्वतःला रॅपमधला रिकी रिकार्डो म्हणवतो. १९५० च्या दशकातील ‘आय लव्ह लुसी’ या दूरचित्रमालिकेत देसी आर्नासने रंगवलेला हा क्यूबन नवरा चिडला की भराभर स्पॅनिश बोलू लागे. त्याचा अनुवाद कोणी करीत नसे, कारण प्रेक्षकाने ते समजून घेणे अपेक्षितच नव्हते. हसणे अपेक्षित होते. अमेरिकन स्मृतीत क्यूबन पुरुषासाठी जी खुर्ची मांडलेली होती ती ही. एस त्या खुर्चीवर बसतो. थट्टा उलटवण्यासाठी बसतो, हे खरे. पण उलटवलेली थट्टाही बसणाऱ्याला त्याच जागी ठेवते. दुसऱ्या संग्रहाला पहिल्यासारखे यश लाभले नाही. त्यामागे बदलत्या अभिरुचीइतकीच ही कोंडीही कारणीभूत असावी. नवलाई म्हणून जे विकत घेतले गेले, ते दुसऱ्यांदा नवल राहत नाही.

सायप्रस हिलने १९९१ च्या आपल्या पहिल्याच संग्रहात ही मिश्र भाषा वापरली. मात्र १९९९ मध्ये त्यांनी आपली गाजलेली गाणी संपूर्ण स्पॅनिशमध्ये पुन्हा मुद्रित करून स्वतंत्र संग्रह काढला. म्हणजे एका श्रोतृवर्गासाठी एक तबकडी, दुसऱ्यासाठी दुसरी. वाक्याच्या मध्यावरचा तो सांधा, जेथे एकभाषिक श्रोता अडखळत असे, तो या व्यवस्थेत उरला नाही. एस आणि सेन डॉग हे भाऊ २००६ मध्ये ‘घेटो थेरपी’साठी पुन्हा एकत्र आले, तोवर स्पॅनिशला अमेरिकन बाजारात हक्काचे दालन मिळाले होते, आणि त्या दालनाला भिंतीही होत्या.