आदर्शाचे ओझे आणि लक्ष्मीबाई

ख्रिस्ती माणसाने चारचौघांपुढे चांगले उदाहरण ठेवावे, ही अपेक्षा त्याच्या धर्मगुरूंची असतेच. पण तिच्याहून कडक अपेक्षा असते त्याच्या शेजाऱ्यांची. आमच्या वाशीमसारख्या गावात हे फार जाणवते. इतर कोणी भांडला तर तो भांडला, एवढ्यावर गोष्ट मिटते. ख्रिस्ती शेजाऱ्याचा आवाज जरा चढला, की ओट्यावरून लगेच शेरा येतो, "आणि म्हणे ख्रिस्ती!" बिचाऱ्याला रागावण्याचीसुद्धा सोय नाही.

या अपेक्षेचा परिणाम वाङ्मयावर झाल्यावाचून कसा राहील? धर्मनिष्ठ माणसांची जी चरित्रे मी वाचली, त्यांतली पुष्कळशी इस्त्रीच्या कपड्यांसारखी वाटली. सुरकुती नाही, म्हणून अंगही नाही. चरित्रनायक जन्मापासून परोपकारी; त्याची पत्नी सहनशील; मुले आज्ञाधारक. वाचून झाल्यावर आपण पुस्तक आदराने फळीवर ठेवतो आणि पुन्हा काढीत नाही. (हा दोष एकट्या ख्रिस्ती लेखकांचा नव्हे. आपल्या देशभक्तांच्या आणि साधुसंतांच्या चरित्रांनाही तीच खळ लागलेली असते.)

म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे मी पुनःपुन्हा वळतो. 1934 पासून भागाभागांनी पुस्तकरूपाने आलेले हे आत्मचरित्र मराठीतले एक अव्वल पुस्तक आहे, हे आता कोणी नव्याने सांगायला नको. मला निराळेच सांगायचे आहे. उदाहरण घालून देण्याचा आव न आणता ज्याने उदाहरण घालून दिले, असे हे ख्रिस्ती पुस्तक आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हा तसा आदर्श चरित्राला किती सोयीचा विषय! राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाची गाठ, त्याच्याकडून मिळालेला नवा करार, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा, पुढे भक्तिपर कविता, आणि शेवटी साताऱ्याला 'देवाचा दरबार'. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर या माणसाभोवती प्रभावळ काढूनच तो थांबला असता. पण लिहायला बसली ती त्यांची बायको. तिने टिळकांचा संताप लिहिला, विसराळूपणा लिहिला, घरात दाणा नसताना हातातला पैसा परक्याला देऊन मोकळे होण्याची खोड लिहिली. गंमत अशी की, हे सारे वाचूनही टिळक लहान होत नाहीत. देणारा हात किती मोठा होता हे आपल्याला कळते, कारण त्या देण्याची झळ ज्या चुलीला लागली ती चूल आपण पाहिलेली असते. आदर्श चरित्रात दान असते, त्याची किंमत नसते.

पुस्तकाचा गाभा मात्र पुढे आहे. नवरा ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही. ताटातुटीची वर्षे गेली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे काही काळ चालूच राहिले. त्यांच्या माहेरी तर सोवळ्याचे वेडच होते. वडिलांनी घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यावी, इतके! अशा घरातली ही मुलगी. तिला जातिभेद माणसाने केलेला वाटू लागला, तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या. मला वाटते, टिळकांच्या साऱ्या आयुष्यात घालून दिलेला सर्वांत मोठा कित्ता हाच असेल, की या तापट माणसाने या एका बाबतीत वाट पाहिली. लक्ष्मीबाई हे गुण म्हणून मांडीत नाहीत. त्या घडले तसे सांगतात आणि पुढच्या फजितीकडे वळतात.

उणे काढायचेच तर तेही आहे. टिळकांच्या मृत्यूनंतरच्या भागाची वीण सैल पडते. भांडायला माणूसच उरला नाही, तर लेखणीला धार कुठून येणार? आणि त्यांची श्रद्धा आतून कशी होती, याविषयी त्या फारच कमी बोलतात. पण ज्यांनी टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले, त्यांच्या श्रद्धेचा हिशेब आपण कोण मागणार!

आमच्या गावाला या भाषेविषयी थोडा अभिमान वाटावा असे एक कारण आहे. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला, आणि तिथली रीती ती वैदर्भी. समासांचे ओझे नसलेली, सरळ. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंना वैदर्भी म्हणणे भूगोलाला धरून नाही, हे मला मान्य आहे. रीतीला मात्र धरून आहे. 1933 साली त्या नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, एवढा विदर्भाचा धागा मला पुरे.

आणि याच वाशीमला एक पुस्तक लिहायचे राहून गेले आहे. 1936 साली डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन बाई नाझरीन चर्चतर्फे हिंदुस्थानात आल्या. त्यांच्या हातून इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. पुढे त्यांच्या मदतीला यायला निघालेल्या डॉ. एव्हलिन विटहॉफ महायुद्धात मनिला येथे जपान्यांच्या कैदेत अडकल्या, त्या तीन वर्षांनी सुटल्या आणि तरीही हिंदुस्थानात आल्या. यांच्यावर इंग्रजीत लिहिले गेले आहे, आणि ते लिहिणे बहुधा पूज्यभावाचे आहे. मला हवे आहे ते मराठीतले. एखाद्या परिचारिकेने लिहिलेले. तिला डॉक्टरीणबाईंची मराठी ऐकून कधी हसू आले, बाई कशावर चिडत, रात्रपाळीला डोळा लागला तेव्हा काय बोलणी खावी लागली, खेड्यातून बैलगाडीत घातलेली बाळंतीण पहाटे दाराशी आली तेव्हा पहिल्यांदा कोण उठले, आणि कोण उठले नाही. यातले शेवटचेही तिने लिहावे. आजीच्या तोंडून अशा गोष्टी ज्यांच्या घरात अजून ऐकू येतात, त्यांनी दिवाळीची सुटी संपण्यापूर्वी एक वही आणावी.