चार्लीच्या गोष्टीत गिऱ्हाईक कुठंय?

‘७७७ चार्ली’मधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग रडण्याच्या नादात आपण विसरून जातो. बर्फ, बाइक, साइडकार हे सगळं लक्षात राहतं. डॉक्टरांनी धर्माला सांगितलेली गोष्ट मात्र निसटते. चार्ली या लॅब्राडोर कुत्रीला कर्करोग झालाय आणि त्याचं मूळ तिच्या जन्मातच आहे. पैशाच्या लोभापायी ब्रीडरने जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांच्याच जोड्या लावल्या, त्यातून ती जन्मली. तिचं आयुष्य किती असणार, हे ती पिंजऱ्यातून पळाली त्याआधीच बरंचसं ठरून गेलं होतं.

किरणराज के. दिग्दर्शित हा कन्नड सिनेमा १० जून २०२२ला आला. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई तो बघून सगळ्यांसमोर रडले. ६९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट ठरला. हिंदी डबिंगमुळे तो आपल्याकडे जालना-परतूर-भोकरदनच्या मोबाइलवरही पोचला, आणि मग स्टेटसला चार्ली, रीलला चार्ली, घरात आलेल्या नव्या पिल्लाचं नावही चार्ली! हे पिल्लू आलं कुठून? बहुतेक वेळा विकतच आणलेलं. ब्रीडरच्या विरोधात असलेला सिनेमा बघून ब्रीडरकडूनच पिल्लू आणायचं, हे कसं जमतं? माझ्या मते त्याचं उत्तर सिनेमातच आहे.

आधी सिनेमाच्या बाजूने बोलतो. रक्षित शेट्टीचा धर्मा हा एकटा, तिरसट माणूस आहे. फॅक्टरी, इडली, सिगारेट आणि टीव्हीवर चॅप्लिन, एवढंच त्याचं जग. कुत्री त्याच्या आयुष्यात घुसते तेव्हा तो तिला हाकलत राहतो. प्रेम हळूहळू येतं, आधी नाइलाज आणि मग सवय होऊन. हे खरं वाटतं, कारण बहुतेक घरांत प्राणी असाच येतो. एवढ्या लोकप्रिय सिनेमाने थांबून प्रजननाचा विषय समजावून सांगावा, हेही आपल्याकडे क्वचितच घडतं.

आता माझी तक्रार. या गोष्टीत विकणारा आहे, पण विकत घेणारा जवळजवळ दिसतच नाही. ब्रीडर क्रूर आहे, खलनायकाला शोभेल इतका. पण तो कुणासाठी पिल्लं काढतो? धर्माने चार्ली विकत घेतलेली नाही, ती आपणहून त्याच्या दारी आली. त्यामुळे नायकाचे हात स्वच्छ राहतात आणि त्याच्यासोबत रडणाऱ्या प्रेक्षकाचेही. थिएटरमधून बाहेर पडताना आपल्याला ब्रीडरचा राग येतो, स्वतःचा येत नाही. अडीच तासांहून जास्त वेळ एका देखण्या लॅब्राडोरच्या डोळ्यांत बघितल्यावर आपल्यालाही तसेच डोळे हवे असतात. सिनेमाचे शब्द ‘विकत घेऊ नका’ म्हणतात आणि त्याचा कॅमेरा तेच पिल्लू हवंहवंसं करून ठेवतो.

हे आधीही घडलंय. २००३मध्ये ‘हच’च्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला. तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. त्या जाहिरातीनंतर पगला इतकी मागणी आली की लोक त्याला ‘हचवाला कुत्रा’ म्हणू लागले. चपट्या नाकामुळे त्याला श्वास घ्यायलाच त्रास होतो, उन्हाळ्यात तर फारच. ते जाहिरातीत कुठे दिसणार? चार्लीला बर्फाचं वेड आहे आणि धर्मा तिला हिमालयापर्यंत नेतो. आपल्याकडे उलटं होतं. बर्फातला हस्कीच ४२ अंशांच्या जालन्यात आणून गच्चीवर बांधला जातो.

गिऱ्हाईक बघायचं असेल, तर पिल्लांच्या जाहिरातींची भाषा वाचा. ‘टॉप क्वालिटी’, ‘हेवी बोन’, ‘प्युअर ब्लडलाइन’, ‘३५ दिवसांचं पिल्लू, लवकर बुक करा’. यातला शेवटचा तपशील म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच दिलेली कबुली आहे. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीबद्दल २०१७ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार ८ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांहून लहान किंवा ८ वर्षांहून मोठी असेल, तर तिच्यापासून पिल्लं काढायची नाहीत. वर्षाला एकच वेत, आयुष्यात फार तर पाच. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. केनेल क्लबचे ‘पेपर’ वंशावळ सांगतात, धंद्याचा परवाना देत नाहीत. नियम एवढे स्पष्ट आहेत. पण १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका पिल्लाच्या किमतीपुढे ही रक्कम म्हणजे चहाचे पैसे.

या भाषेतला ‘प्युअर’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, आणि जालन्यात तर तो खटकायलाच हवा. हे बियाण्यांचं शहर आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली. १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. हे शहर ज्या बियाण्याने नावारूपाला आलं, ते संकरित होतं. दोन वेगळे वाण एकत्र आले की पीक जोमदार येतं, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. गोठ्यातला वळू त्याच्याच कालवडीवर सोडायचा नाही, हेही त्याला ठाऊक असतं. त्याच घरातला पोरगा कुत्र्याबद्दल मात्र नाक मुरडून म्हणतो, ‘क्रॉस आहे रे, प्युअर नाही.’ शेतात संकर चालतो, अंगणात का चालत नाही?

याचं उत्तर मराठीच देते. इंग्रजीत ज्याला ब्रीड म्हणतात, त्याला आपण ‘जात’ म्हणतो. ‘कोणत्या जातीचा आहे?’ हा पहिला प्रश्न. मग ‘अस्सल’, ‘जातिवंत’, ‘रक्त’. माणसांबद्दल हे शब्द उघडपणे वापरायला आता आपण बिचकतो, कुत्र्याबद्दल बिनधास्त वापरतो. शुद्ध रक्ताची हौस माणसांकडून कुत्र्यांकडे गेली, तेव्हा तिची किंमत चार्लीसारख्यांना शरीराने मोजावी लागली.

आणि दुसऱ्या टोकाला ‘गावठी’. आठवडी बाजारात गावठी कोंबडी महाग, गावठी अंडं महाग, गावठी तुपासाठी तर ओळख काढावी लागते. गावठी कुत्रं मात्र फुकट दिलं तरी नको. हा मोत्या आपल्या उन्हात, आपल्या उष्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या तगलाय. त्याला एसी लागत नाही आणि श्वास घेताना घरघर होत नाही. ‘७७७ चार्ली’ त्याला नायक करू शकला नाही. याचा दोष एकट्या सिनेमाला देता येणार नाही, कारण तिकीट आपण काढतो.

मराठीला अशा नायकाची गोष्ट नवी नाही. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका लहानपणी ऐकलेली असते. नामदेवांचं नर्सी आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात आहे. गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे सांगावंसं वाटलं नाही.

‘दत्तक’ हा शब्दही इथे नीट तपासायला हवा. आपल्याकडे दत्तक घेतलं जातं ते वंश चालावा म्हणून. कुत्रं दत्तक घेताना मात्र त्याची नसबंदी करायची, म्हणजे त्याचा वंश थांबवायचा आणि त्या एका जिवाला पुरतं सांभाळायचं. चार्ली मरताना एक पिल्लू मागे ठेवते, तेव्हा मला म्हणूनच अस्वस्थ वाटलं. ज्या देहात आजार पेरून ठेवलाय, त्याच देहातून सिनेमाला सांत्वनासाठी पिल्लू हवं होतं. रस्त्यावरचं एखादं पोरकं पिल्लू धर्माच्या कुशीत आलं असतं, तर हा सिनेमा त्याच्या स्वतःच्या म्हणण्याशी जास्त प्रामाणिक राहिला असता.

शेल्टर म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईतल्या संस्था आठवतात. पण दत्तक घ्यायला आधी इमारत उभी राहावी लागत नाही. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर महापालिकेकडे अर्ज करता येईल. अट एवढीच की तो पुन्हा रस्त्यावर सोडायचा नाही. ही अट गंभीर आहे. रील काढून झाल्यावर पिल्लू एमआयडीसीच्या रस्त्यावर सोडून येणाऱ्याने दत्तकच्या वाटेला जाऊच नये. रेबीजची लस, नसबंदी, दहा-बारा वर्षांचं खाणं-दुखणं आणि आई-बाबांची आधीच घेतलेली परवानगी, हे सगळं त्यात येतं.

आणि तरीही विकतच घ्यायचं असेल, तर निदान गिऱ्हाईक म्हणून तोंड उघडा. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. पिल्लाची आई कुठे आहे, तिचं हे कितवं वेत, तिला ठेवलंय ती जागा बघू द्या म्हणा. ‘आई गावाकडे आहे, फोटो पाठवतो’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात लेखी तक्रार द्या. दंड ५० रुपयांचाच असेल. पण ती आई अजून त्या पिंजऱ्यात आहे, आणि तिचं पुढचं वेत कुणीतरी आत्ताच बुक करत असेल.