जागतिकीकरण आणि संगमेश्वरी बोली

जागतिकीकरणाच्या सांस्कृतिक दुष्परिणामांचा विचार करताना आपले अभ्यासक बहुधा मराठीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांची मोजदाद करतात. ही टीका अपुरी आहे. परके शब्द स्वीकारल्याने भाषा मरत नाही. मराठीने फारसी शब्द पचविलेच आहेत.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) नोंदविलेली संगमेश्वरी बोली पाहावी. भाजावळ, तरवा, वरकस हे तिचे शब्द भातशेतीच्या श्रमावर जगतात. तो श्रमच परवडेनासा झाला की ते निराधार होतात. कोकणाने मुंबईची वाट १९९१ पूर्वीच धरली होती, हे खरे. परंतु गिरणीतील चाकरमानी शिमग्या-गणपतीला गावी येई, नमन-खेळ्यांत आपल्या बोलीत रमे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या. उदारीकरणानंतर फोफावलेल्या कंत्राटी नोकरीत हक्काच्या रजेचीही शाश्वती उरली नाही.

तेव्हा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हानी अशी तीन खाती येथे पाडता येत नाहीत. बोलीच्या संशोधकाने शब्दाबरोबर त्यामागील मजुरीची आणि रजेचीही नोंद घ्यावयास हवी.