मोहाचे फासे

मोहाचें वर्णन पुष्कळ ग्रंथांत आढळतें. वाचकाच्या ठायीं प्रत्यक्ष मोह उत्पन्न करणारा ग्रंथ मात्र विरळा. कथेंतील तपस्वी ढळतो तेव्हां आपण दुरून हळहळतों. आपलें तप कांहीं भंगत नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही नृसिंहवाडीस राहिलों असतां बिऱ्हाडांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनीं रात्रीं एक अमेरिकन खेळ मांडला. तो पाहतांना ही उणीव भरून काढणारें एक साधन आम्हांस दिसलें. त्याचा परामर्श वाङ्मयाच्या दृष्टीनें घ्यावा असें वाटल्यावरून हा लेख.

खेळाचें नांव 'फोर्स अँड डेस्टिनी'. जॉर्ज ल्यूकस यांच्या १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटानें जी तारामंडळांतील अद्भुत सृष्टि उभी केली, तिच्यावर आधारलेला हा खेळ 'फँटसी फ्लाइट गेम्स' या कंपनीनें २०१५ सालीं प्रसिद्ध केला. एक सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या मुखानें बोलतात, आणि निकाल फाशांवर लागतो. संहितेवांचून चाललेलें नाटकच तें. या सृष्टींत एक विश्वव्यापी शक्ति मानली असून तिची एक बाजू उजळ, दुसरी काळी आहे. भय, क्रोध व द्वेष हे काळ्या बाजूचे वाटाडे.

या शक्तीचा फासा बारा पैलूंचा असतो. सात पैलूंवर काळे ठिपके, पांचांवर पांढरे. परंतु एकंदर ठिपके दोन्ही रंगांचे आठ-आठच. म्हणजे काळें दान वारंवार पडतें, पण बहुधा एकेरी. पांढरें कमी वेळां पडतें, पण बहुधा दुहेरी. सन्मार्गी पात्रास पांढरे ठिपके निर्वेध वापरतां येतात. काळेही वापरण्याची मुभा आहे. मात्र त्यापायीं पात्राच्या मनावर ताण येतो आणि त्याच्या खातीं अंतःसंघर्षाचे अंक चढतात. वाममार्ग सन्मार्गाहून बलवान् आहे असें हा फासा सांगत नाहीं. तो अधिक वेळां हाताशीं असतो, इतकेंच सांगतो. मनुष्यस्वभावाचें हें निदान आम्हांस मार्मिक वाटतें.

त्या रात्रींचा प्रसंग सांगतों. एका मुलाच्या पात्राचा सोबती कड्यावरून निसटत होता. फासा टाकला, काळा ठिपका पडला. मुलगा बराच वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें तो ठिपका घेतला. पुढल्या संकटांत तो थोडाच थांबला. तिसऱ्या खेपेस थांबलाच नाहीं. सूत्रधार झालेल्या आतेभावानें अंक मांडले तेव्हां तो चिडून म्हणाला, "दादा, माणूस वांचवला ना मीं? मग पाप कसलें?" असा प्रश्न खेळणाऱ्याच्या तोंडून निघावा हें या खेळाचें यश होय.

याच सृष्टीवरचा 'वेस्ट एंड गेम्स' यांचा १९८७ चा खेळ निराळा होता. त्यांत दुष्कृत्यागणिक काळा गुण मिळे. फासा त्या गुणांहून कमी पडला तर पात्र खेळाडूच्या हातून जाऊन सूत्रधाराचें होई. येथें दंडाचा धाक ठसठशीत आहे. पण धाक म्हणजे मोह नव्हे. आपल्याकडील मोक्षपटांत पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप आहेत. परंतु तेथें सोंगटी कवड्यांच्या दानानें चालते. सर्पाच्या मुखांत कोणी आपण होऊन शिरत नाहीं. निवड नाहीं तेथें मोहही नाहीं.

तथापि नव्या खेळांत एक मोठा दोष आहे. पात्राच्या शीलाचे आरंभीं ५० गुण असतात. बैठक संपल्यावर दहा अंकांचा फासा टाकतात. तो संघर्षाच्या अंकांहून कमी पडल्यास फरकाइतके गुण उतरतात, अधिक पडल्यास तितके चढतात. शील ३० च्या खालीं गेलें कीं पात्र काळ्या बाजूचें झालें. आतां या फाशाची सरासरी साडेपांच. तेव्हां प्रत्येक बैठकींत चार अंकांचें पाप करणाराही दीर्घ काळांत साधूच ठरतो! आमच्या मुलांनीं हा हिशेब दुसऱ्याच रात्रीं केला. "चारपर्यंत परवडतात," असें ते म्हणूं लागले, आणि पहिल्या रात्रींचें तें मौन पुन्हां आढळलें नाहीं.

येथें सूत्रधाराचें कौशल्य हवें. सत्तेचें किंवा सूडाचें आमिष दाखविल्यानें शहाणा खेळाडू सावध होतो. मोह सत्कार्याचा वेष घेऊनच आला पाहिजे. शिवाय त्याची किंमत कागदावरील अंकांत न घेतां कथेंत घ्यावी: वांचलेल्या सोबत्यानेंच उद्यां आपल्या रक्षकास भ्यावें. त्याचा हिशेब कोण कसा करणार?

गुरुचरित्रांत याच परिसरांतील अमरापूरची एक कथा आहे. दरिद्री ब्राह्मणाच्या घरीं श्रीगुरु घेवड्याच्या शेंगांची भाजी जेवतात, आणि जातांना ज्या वेलावर त्या कुटुंबाचा निर्वाह तोच उपटून टाकतात. गृहिणी आक्रोश करते; पुढें त्या मुळाशीं धनाचा कुंभ सांपडतो. कृपा आधीं हिरावते व मागाहून देते. काळी शक्ति आधीं देते व मागाहून हिरावते. हा क्रम ज्या सूत्रधारास उमगला त्यास नियमांच्या पुस्तकाची फारशी गरज पडणार नाहीं.

हा खेळ मुलांनीं खेळावा कीं नाहीं असें आम्हांस कांहीं गृहस्थांनीं विचारलें. अवश्य खेळावा, असें आमचें मत आहे. मात्र वडील माणसांनीं एखाद्या रात्रीं शेजारीं बसावें, आणि फासा पडल्यावर मुलगा किती वेळ थांबतो तें पाहावें.